डबा रिकामा कसा परत करायचा?

बदलापुरातलं आमचं घर अर्ध्या तासात जळून गेलं. त्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. मदत करणं तसं सोपं असतं. ती घेणं... ते मात्र वेगळंच प्रकरण आहे!

घर जळाल्यावर माणसाला सगळ्यात आधी काय लागतं, सांगा बघू? पैसे? कपडे? मोबाइल? अंहं. सगळ्यात आधी लागते चप्पल. आग लागल्यावर कुणी शूरॅकपाशी थांबून सॅण्डलचे पट्टे लावत बसत नाही. २०२२चा मार्च, दुपारचे अडीच, बदलापूरचं ऊन आणि सोसायटीच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. वर तिसऱ्या मजल्यावरून काळा धूर येतोय, सगळं जग वर बघतंय, आणि खालचा किराणा दुकानदार मात्र आमच्या पायांकडे बघतोय. तो दुकानात गेला आणि रबरी चपलांचे तीन जोड घेऊन आला. नंबर विचारला नाही, पैशांचं बोलला नाही. बाबांची टाच अर्धी बाहेर येत होती. पण त्या दिवशी त्याच्याइतकं अक्कलहुशारीने कुणीच वागलं नाही, हे मी आजही सांगेन.

आगीचं वर्णन फार करत नाही. हॉलच्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये ठिणगी उडाली, पडद्याने पेट घेतला, मग सोफ्याने. एक माहिती मात्र सांगते, कारण ती मलाही नंतरच कळली. हल्लीच्या घरातला फोम, सिंथेटिक पडदे, लॅमिनेट हे सगळं जळताना प्रचंड गरम धूर सोडतं. तो छताखाली साठतो, आणि तिथलं तापमान पाच-सहाशे अंशांवर गेलं की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळपास एकदमच पेटतात. म्हणजे ‘थांब, पटकन कपाटातली फाइल काढते’ असं म्हणायला जी मिनिटं आहेत असं आपल्याला वाटतं, ती नसतातच. आई फाइल आणायला वळली होती. बाबांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण बाबांनी तिला चारचौघांत हात धरून चालवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं!

बंब आला, पाणी मारलं, आग विझली. पंचनाम्यात कारण एका शब्दात आलं, शॉर्टसर्किट. सोनं वितळायला १,०६४ अंश लागतात, त्यामुळे आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या राखेत सापडल्या. काळे मणी मात्र तडकून गेले होते. स्टीलची भांडी निळी-काळी झाली. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, बाबांच्या कॅसेट्स, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मारलेल्या माझ्या आणि दादाच्या उंचीच्या खुणा (जुन्या घरातून ती फळी कापून आणली होती हो आम्ही!) यातलं काहीच उरलं नाही.

‘माणसं वाचली ना!’

हे वाक्य मी पहिल्या आठवड्यात किती वेळा ऐकलं असेल? शंभरदा तरी. वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण ते ऐकून समोरच्याला गप्प बसावं लागतं, ही त्यातली गोम. माणसं वाचली म्हटल्यावर गोधडीसाठी रडायचं कसं? आई रडलीच नाही. ती फक्त मोजत होती. आठवेल ते बोटांवर मोजायची. कुकर दोन, परात एक, पुरणयंत्र एक, हळदीकुंकवाचा करंडा...

आमच्या घराण्याला हे नवीन होतं असंही नाही. मी शाळेत असताना आम्ही बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण इकडे उल्हास नदीने काय केलं, ते इकडच्यांनाच माहीत. पाणी घरात शिरलं, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री काढल्या. पाणी ओसरल्यावर आईने ओले फोटो वर्तमानपत्राच्या पानांमध्ये घालून, इस्त्रीखाली दाबून वाचवले. त्यानंतर बाबांनी जाहीर केलं, ‘आता जन्मात तळमजला नाही.’ म्हणून तिसरा मजला, गृहकर्ज, वीस वर्षांचे हप्ते. पाण्यापासून पळालो आणि आगीत सापडलो! इस्त्रीखाली वाचलेले ते फोटोही या वेळी गेले.

पण त्या पुराचा एक फायदा झाला, असं आता म्हणता येतं. या पट्ट्यात ज्यांच्या घरात कधी ना कधी पाणी शिरलंय, अशी माणसं खूप आहेत. २००५, मग २०१९, मग २०२१. ती येतात तेव्हा हातात काय घेऊन येतात, ते बघण्यासारखं असतं.

ए विंगमधलं एक जोडपं संध्याकाळी आलं. त्यांचं आधीचं घर २०१९च्या पुरात भिजलेलं. त्यांनी आणलं काय? एक बादली, एक मग, कपडे वाळत घालायची दोरी, दोन मोबाइल चार्जर, नेलकटर, कुलूप आणि एक पेन. पेन का? ‘उद्यापासून नुसते अर्ज लिहायचेत तुम्हाला,’ काका म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कागदात गुंडाळलेली पिशवी आईच्या हातात दिली आणि ‘आत्ता उघडू नका’ असं डोळ्यांनीच सांगितलं. आत आम्हा दोघींसाठी आतले कपडे होते. नवे, पाकीटबंद, अंदाजाने घेतलेले, पण बरोब्बर मापाचे. आपण साडी देतो, ड्रेस देतो. पण ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. कारण मागणाऱ्यालाही ती मागता येत नाही.

याउलट ज्यांच्यावर वेळ आलेली नसते, त्यांच्याकडून काय येतं? मोठमोठ्या बॅगा! त्यात बुट्ट्यांच्या जड साड्या, एक पार्टी गाऊन, लहान मुलाचे स्केट्स. आमच्याकडे लहान मूलच नाही. ‘यांनी कपाटं आवरली वाटतं,’ आई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली ती या वाक्यावर. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढच्या वेळी कुणाच्या घरी असं काही झालं, तर प्लीज कपाट उघडायच्या आधी एक मिनिट डोळे मिटा. उद्या सकाळी उठल्यापासून आपण कशाकशाला हात लावतो, ते आठवा. ब्रश. कंगवा. गाळणं. चष्मा. तीच यादी.

आहेराची वही

आता खरा प्रॉब्लेम. आमची आई कुणाचं काही घेत नाही. म्हणजे शेजारून वाटीभर साखर आली, तर दोन दिवसांत वाटीभर शेंगदाण्याचा कूट परत जाणार. भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. तुमच्याही घरी असेलच. आता विचार करा, चार दिवसांत आमच्याकडे वेगवेगळ्या घरांतले तेवीस डबे जमले. पोळ्या, भात, उसळ, कुणाची साबुदाण्याची खिचडी. आणि ते भरून परत करायला आईकडे स्वयंपाकघरच नाही! ती रात्री झोपायची नाही. मला वाटायचं, आगीचं आठवतंय. तर ती मला म्हणते, ‘अगं, एवढे डबे... रिकामे कसे परत करायचे?’

तिसऱ्या दिवशी तिने दोनशे पानी वही मागवली आणि लग्नात आहेर लिहितात तसं लिहायला घेतलं. चपला ३ जोड, दुकान. बादली, मग, दोरी, ए विंग. पोळ्या १२, कोबीची भाजी. डावीकडे वस्तू, उजवीकडे नाव, आणि शेवटचा रकाना कोरा. तो परतफेडीचा. बाबा चिडले. ‘हे काय लग्न आहे का?’ मी मात्र आईच्या बाजूने होते. सगळं जळालेल्या माणसाकडे शिल्लक काय राहतं? आपण कुणाचं काही बुडवत नाही, एवढंच. तेही हिसकावून घेतलं, तर ती उभी कशावर राहणार?

मला हे नीट कळलं ते माझ्या ट्रेनच्या ग्रुपमुळे. सकाळच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात आमची बारा जणींची भिशी आहे. लॉकडाऊनमध्ये डबा बंद होता तेव्हाही ती फोनवरून चालू राहिली. महिन्याला तीन हजार, म्हणजे एकीच्या हातात छत्तीस हजार. माझा नंबर नोव्हेंबरमध्ये होता. आगीच्या तिसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘या महिन्याचा नंबर तुझा. नोव्हेंबरचा हिचा.’ बस्स. वर्गणी नाही, ‘तुझ्यासाठी कलेक्शन करतोय’ नाही. पैसे माझेच होते, फक्त आठ महिने आधी आले. ते घेताना मान खाली गेली नाही. जिचा मार्चचा नंबर होता, ती म्हणाली होती, ‘मला काय घाई नाही.’ तिच्या मुलीच्या क्लासची फी त्याच महिन्यात भरायची होती, हे मला दिवाळीत दुसऱ्याच मैत्रिणीकडून कळलं.

अमेरिकेत या कामाला चक्क यंत्रणा आहे. तिथल्या रेड क्रॉसचे स्वयंसेवक वर्षाला साठ हजारांच्या आसपास आपत्तींमध्ये धावून जातात आणि त्यातल्या बहुतेक म्हणजे साध्या घरांना लागलेल्या आगी. ते ब्लँकेट देतात, तातडीच्या खर्चाला पैसे देतात, राहायची सोय बघतात. वाचलं तेव्हा हेवा वाटला. आपल्याकडे ए विंग आहे आणि भिशी आहे. ती नशिबावर अवलंबून आहेत, हे खरं. ज्याची सोसायटी नाही, ट्रेनचा ग्रुप नाही, त्याने काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण इथली माणसं अनोळखी लोकांसाठीही बाहेर पडतात, हे मी २०१९मध्ये पाहिलंय. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. आत सुमारे १,०५० प्रवासी, त्यात नऊ गर्भवती. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची पथकं आली, दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. बातम्यांमध्ये बोटी दिसल्या. पण आजूबाजूच्या गावांतले लोकही मदतीला धावले होते, आणि आमच्या बिल्डिंगमधून त्या दिवशी चहाचे थर्मास आणि कोरडे टॉवेल गेले होते. त्यातल्याच एका थर्मासमधून मार्च २०२२मध्ये आम्ही चहा प्यायलो. झाकणावर ‘बी-२०४’ असं नेलपेंटने लिहिलेलं होतं, म्हणून ओळखला!

अंबरनाथला मुक्काम, उल्हासनगरला खरेदी

बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा अंबरनाथ पूर्वेला फ्लॅट रिकामा होता. त्यांनी किल्ली दिली. डिपॉझिट नाही. भाडं मात्र घेतलं, आणि तेही बाबांनी सांगितलेलं. आमच्या घराची डागडुजी होईपर्यंत पाच महिने तिथे होतो. आईला संध्याकाळी शिवमंदिरात जायची सवय लागली. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ. ती पूजा वगैरे करायची नाही, नुसती दगडांवरचं कोरीवकाम बघत बसायची. ‘हे जळत नाही,’ एकदा म्हणाली. यावर मी काय बोलणार? आणि गंमत बघा, रिक्षाने यायचा आमचा थांबा कुठला? विम्को नाका! जिथल्या कारखान्यात कित्येक दशकं काड्यापेट्या बनल्या, त्याच्या नावाचा नाका. बाबा दर वेळी रिक्षावाल्याला ‘आगपेटी नाका’ म्हणायचे. असले विनोद बाहेरच्याने केले असते, तर आम्हाला राग आला असता.

मग फर्निचर. पलंग, कपाट, ओटा नसला तरी टेबल तरी हवं. तुम्ही मध्य रेल्वेवर राहत असाल तर वेगळं सांगायला नको, स्वस्त आणि टिकाऊ हवं तर उल्हासनगर. आमची तिथल्या एका दुकानात ओळख ना पाळख. सत्तरीचे सिंधी काका गल्ल्यावर. आई पलंगाचा भाव करेना. नुसती हात लावून बघत होती. काकांनी विचारलं, ‘लगीन आहे का घरात?’ आई म्हणाली, ‘नाही. घर जळालं.’ अनोळखी माणसासमोर ती हे दोन शब्द पहिल्यांदा बोलली.

काकांनी ‘अरेरे’ केलं नाही. खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, ‘मेरे बाबा खाली हात आये थे कराची से. जहाज से. इधर बराक मिला, उसमें आधी खोली.’

उल्हासनगरचा हा इतिहास आपण रोज ट्रेनमधून ओलांडतो आणि विसरतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना या बराकींमध्ये आणून ठेवलं. एका लांबलचक बराकीत कित्येक कुटुंबं, मध्ये पार्टिशन म्हणून गोणपाट नाहीतर चादर, नळ सामाईक, संडास सामाईक. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. नदीच्या नावावरून. गाव झालं, महापालिका झाली, तरी पत्त्यात अजून ‘कॅम्प नंबर ३’, ‘कॅम्प नंबर ५’ आहेच. आपण ‘मेड इन यूएसए’ म्हणत उल्हासनगरच्या मालावर जोक करतो. पण अख्खंच्या अख्खं गाव घर गमावलेल्या माणसांनी वसवलंय, हे त्या दुकानात बसेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

काकांचे वडील लोकलमध्ये पापड विकायचे. आई घरी लाटायची. ‘लेकिन मुफ्त का नहीं खाया,’ काका म्हणाले, आणि आईने मान वर केली. दोघांची भाषा जुळली ती इथे. पलंग, कपाट, टेबल-खुर्च्या असं सगळं पोचवलं. थोडे पैसे आधी, बाकीचे महिन्याच्या महिन्याला, चिठ्ठी लिहून. निघताना घरातून आलेला एक स्टीलचा डबा त्यांनी आमच्या हातात ठेवला. आत कोकी. कांदा-मिरची घातलेली जाड सिंधी पोळी. ‘दोन-तीन दिन चलती है. किचन नहीं है ना?’ आम्ही ते सांगितलंही नव्हतं!

कागदांचं काय?

हा भाग बोअर आहे, पण वाचा. पोलिसांकडे आकस्मिक जळिताची नोंद आणि अग्निशमन दलाचा दाखला, हे दोन कागद सगळ्यात आधी घ्या. पुढचं प्रत्येक खिडकीवरचं काम त्यावर अडतं. नोंदणी झालेल्या घराच्या कराराची प्रत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळते. आमची मूळ कागदपत्रं तर बँकेत गहाण होती म्हणून वाचली. घर जळालं, हप्ता जळला नाही, अशी सगळी मजा! दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रिका बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून मिळते, मुंबई विभागाचं ऑफिस वाशीला आहे. डिजिलॉकर २०१५पासून आहे. आजच रात्री बसा आणि त्यात काय काय उतरवता येतं, ते बघा.

आईच्या डब्यात साठवलेल्या नोटा एकमेकींना चिकटून कोळसा झाल्या होत्या. अशा नोटा सोडवायला जाऊ नका, तुकडे होतात. फार जळालेल्या नोटा साध्या शाखेत घेत नाहीत, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जावं लागतं. विम्याचंही बघा. आमची कर्जासोबतची जुनी पॉलिसी फक्त भिंतींची होती. आता १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी आहे. त्यात इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, आतलं सामानही आपोआप धरलं जातं.

आणि झोप? सहा महिने मी रात्री उठून स्विचबोर्डला हात लावून बघायचे, गरम आहे का. फोडणीचा धूर झाला की आई गॅस बंद करून गॅलरीत जायची. आम्ही शेवटी डॉक्टरांशी बोललो आणि बरं झालं बोललो. ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. ‘आगीचं काय एवढं, विझली की’ असं स्वतःला सांगत बसू नका.

फोटोंचंही थोडं जमलं. सांगलीच्या मावशीचं घर ऑगस्ट २०१९च्या पुरात गेलेलं. आमचं कळल्यावर तिने तिच्या वाचलेल्या अल्बममधले आमचे फोटो काढून पाठवले. कडा पाण्याने वेड्यावाकड्या झालेल्या. दादाच्या बारशाचा फोटो आमच्याकडे आता एकच आहे, आणि तो सांगलीच्या पुरातून आलेला आहे.

आईच्या वहीतला शेवटचा रकाना बराचसा भरलाय. स्वयंपाकघर सुरू झालं त्या आठवड्यात तिने तेवीसच्या तेवीस डब्यांत रव्याचे लाडू भरले, आणि मी व बाबा संध्याकाळभर दारोदार फिरलो. ट्रेनच्या मैत्रिणीसमोर ‘मुलीची फी’ असं लिहून तिने प्रश्नचिन्ह काढलंय, ते अजून तसंच आहे. फर्निचरचा शेवटचा हप्ता २०२४च्या दिवाळीआधी फिटला. काकांनी चिठ्ठी फाडली आणि वर पुन्हा एक डबा दिला, कोकीचा. तो आमच्या फळीवर धुऊन ठेवलाय. आई म्हणते, पुरणपोळी भरून नेऊ. बाबा म्हणतात, कोकीवाल्या माणसाला थालीपीठच द्यायचं. रविवारपर्यंत ठरेल.